फास्ट थांबते का?

उपनगरात नव्या माणसाशी ओळख झाली की पहिला प्रश्न नावाचा, दुसरा 'राहायला कुठे?' आणि तिसरा 'ईस्ट की वेस्ट?'. हे तिन्ही प्रश्न चारचौघांत, मोठ्याने विचारले जातात. चौथा प्रश्न मनातल्या मनात विचारला जातो आणि त्याचं उत्तरही परस्परच काढलं जातं: तिथे फास्ट थांबते का? 'बोरिवली' म्हटलं की समोरचा समाधानाने मान डोलावतो. 'घाटकोपर' म्हटलं की "वा, मग मेट्रोपण आहे" म्हणतो. 'विद्याविहार' म्हटलं की मात्र "अच्छा, म्हणजे घाटकोपरच्या अलीकडे" असं म्हणून तो तुम्हाला स्वतःच उचलून जवळच्या फास्ट स्टेशनात नेऊन ठेवतो. जोगेश्वरीकर आणि नाहूरकर यांच्या हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की ते पत्त्याची सुरुवातच 'अंधेरीच्या पुढे' आणि 'मुलुंडच्या अलीकडे' अशी करतात.

बिल्डरांनी हे फार आधी ओळखलं. बाग, लिफ्ट, पाण्याची टाकी वगैरे खाली बारीक अक्षरात. वर ठळक अक्षरात 'फास्ट लोकलच्या स्टेशनपासून सात मिनिटं'. ही सात मिनिटं बिल्डरची असतात. ती पहाटे चारला, रिकाम्या रस्त्यावरून, रिक्षा मिळाली आहे असं धरून मोजलेली असतात. लग्नाच्या बाजारातही तेच. मुलगा शिकलेला, पगार चांगला, सासू गावी राहणारी, असं सगळं जुळून आलं तरी मुलीची आई घरी येऊन सुस्कारा सोडते, "सगळं छान आहे हो, पण फास्ट नाही थांबत."

शाळेत आम्ही इंग्रजीच्या तासाला या विशेषणाचा तरतमभाव घोकला होता: फास्ट, फास्टर, फास्टेस्ट. उपनगरात आल्यावर कळलं की यातली पुढची दोन रूपं इथे कुणी वापरतच नाही. इथला तरतमभाव स्लो, सेमी फास्ट, फास्ट आणि डबल फास्ट असा चढत जातो. डबल फास्ट म्हणजे जिथे फास्ट थांबते तिथेही न थांबणारी. सेमी फास्ट म्हणजे वेळापत्रक करणाऱ्याला काही स्टेशनांचं मन मोडवलं नाही म्हणून झालेली. शिवाय 'अंधेरीपर्यंत स्लो, मग फास्ट' अशी एक संमिश्र जात आहे. आणि कल्याणच्या पुढे तर सगळ्याच गाड्या एकजात स्लो. विठ्ठलवाडीला थांबायचं, उल्हासनगरला थांबायचं, अंबरनाथला थांबायचं. तरी फास्ट म्हणून निघालेल्या गाडीचं नाव शेवटच्या स्टेशनापर्यंत 'फास्ट'च राहतं. माजी आमदाराला लोक आमदारसाहेब म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

नीट पाहिलं तर या फास्टपणात वेगाचा भाग थोडाच. गाडी तीच, डबे तेच. सकाळी जी स्लो म्हणून येऊन गेली तीच दुपारी फास्ट म्हणून परत येते. दोन स्टेशनांच्या मधे स्लोसुद्धा जीव खाऊन पळते. फक्त ती थांबते. फास्टचं सगळं कर्तृत्व न थांबण्यात आहे. ती कांजूरमार्गला थांबत नाही, विद्याविहारला थांबत नाही, आणि जिथे थांबत नाही तिथल्या माणसांच्या डोळ्यांदेखत थांबत नाही. पिवळ्या रेघेच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाला वारा देऊन जाते.

या बाबतीत बेस्टवाले प्रामाणिक. मोजक्याच थांब्यांवर थांबणाऱ्या बसला त्यांनी 'फास्ट' म्हटलं नाही; 'लिमिटेड' म्हटलं, आणि त्याचं मराठी 'मर्यादित' केलं. स्वतःच्या मर्यादा पाटीवर लिहून रस्त्यावर उतरणारं दुसरं वाहन माझ्या पाहण्यात नाही.

मी मुलुंडचा. त्यामुळे माझी अवस्था त्रिशंकूची. मुलुंडला फास्ट थांबते हे खरं, आणि थांबत नाही हेही खरं. काही थांबतात, काही थांबत नाहीत. कोणती थांबते हे मुलुंडचं मूल पाढ्यांच्या आधी शिकतं. बाहेरचा पाहुणा मात्र 'कल्याण फास्ट' वाचून बिनधास्त चढतो. मग मुलुंड त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जातं, प्लॅटफॉर्मवर घ्यायला आलेल्या आम्हाला तो दारातून हात करतो, आणि दहाएक मिनिटांनी ठाण्याहून फोन करतो. त्याला उलट स्लोने परत आणावं लागतं. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी निम्मे ठाण्याच्या बाजूने येतात ते यामुळे.

सासुरवाडी बोरिवलीची. सासरे होते तोवर आमच्या गप्पांना हा विषय कधी कमी पडला नाही. पानावर बसलं की ते वरणभात कालवता कालवता विचारायचे, "काय जावईबापू, थांबते ना हल्ली तुमच्याकडे फास्ट?" त्यातलं 'हल्ली' माझ्यासाठी असायचं. मी म्हणायचो, "थांबते की. काही काही थांबतात." "काही काही," ते सासूबाईंना ऐकवायचे. मग ठरलेलं वाक्य: "आमच्याकडे गुजरात मेलसुद्धा थांबते." आयुष्यात ते गुजरात मेलमध्ये बसले नव्हते. अहमदाबादला त्यांचं कुणी नव्हतं. पण ती बोरिवलीला थांबते, याचं श्रेय ते घरच्या कार्यासारखं घेत. एकदा मी तयारी करूनच गेलो. म्हटलं, "बाबा, १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. आमच्या मुलुंडवरून गेली. तुमच्या बोरिवलीत तेव्हा रूळसुद्धा नव्हते." सासऱ्यांनी शांतपणे ताकाची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, आणि म्हणाले, "गेली ना? थांबली का?"

पार्लेकरांचं निराळं. एरवी पार्ल्याला फास्ट थांबत नाही, आणि पार्लेकरांचं म्हणणं असं की त्यात नुकसान फास्टचं आहे.

जुन्या गोष्टींचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला. पश्चिमेला बोरिवलीपर्यंत वीज पोहोचली १९२८ च्या जानेवारीत. त्यानंतरच्या शंभर वर्षांत नवाचे बारा डबे झाले, बाराचे पंधरा झाले, तारेतला डीसी जाऊन एसी आला, मग २०१७ च्या नाताळात डब्यातही एसी आला. सगळं बदललं, पण दारातल्या माणसाने खालच्या माणसाला विचारायचा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला. एसीवाल्यांचे तर दरवाजे बंद होतात, म्हणून ते काचेआडून हाताची बोटं नाचवून विचारतात: फास्ट का स्लो?

फास्टला आपली माणसं आणि परकी माणसं असतात. विरार फास्टमध्ये चढलेल्या बोरिवलीकराला हे पहिल्याच दिवशी समजतं. तिकीट आहे, पास आहे, गाडी बोरिवलीला थांबते हे वेळापत्रकात छापलेलं आहे. तरी अंधेरी सुटली की कुणीतरी विचारतं, "कुठे?" त्याने "बोरिवली" म्हटलं की डबाभर असा चेहरा होतो जणू तो लग्नाच्या पंगतीत फक्त मठ्ठा प्यायला आला आहे. "मग बोरिवली पकडायची ना! विरारमध्ये कशाला?" याला उत्तर नाही. विरारकराच्या मते फास्ट ही जितकी लांब जाते तितकी पवित्र होत जाते, आणि मधे उतरणं हा तिचा अपमान आहे. गंमत म्हणजे हाच बोरिवलीकर दुसऱ्या दिवशी बोरिवली फास्टमध्ये बसतो आणि शेजारचा अंधेरीला उठला की म्हणतो, "काय लोक आहेत! अंधेरीला उतरायचं तर अंधेरी पकडायची ना!"

याच्या उलट मेट्रोचं बघा. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, एकवीसेक मिनिटांत या टोकाहून त्या टोकाला. त्याआधी साकीनाक्यावरून बसने याच प्रवासाला तासाच्या वर जायचा आणि उतरताना कपड्यांची इस्त्री गेलेली असायची. म्हणजे अंधेरी आणि घाटकोपर यांच्यामधलं खरोखरचं फास्ट असं काही असेल, तर ते हेच. पण मेट्रोला कुणी फास्ट म्हणताना मी ऐकलेलं नाही. कारण ती असल्फ्याला थांबते, जागृती नगरला थांबते, चकाल्याला थांबते, बाराच्या बारा ठिकाणी थांबते. कुणालाच वगळलं नाही की फास्ट या शब्दाला काम उरत नाही. मेट्रोत शिरता शिरता "ही थांबेल ना?" असं विचारणारा दिसला की समजावं, लोकलचा माणूस आहे.

लोकलमध्ये फास्ट ओळखणं ही स्वतंत्र विद्या आहे. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत. का, ते विचारू नये. बाजूच्या चौकटीत एफ आलं तर फास्ट आणि एस आलं तर स्लो. त्यामुळे 'एस एस' लागलं की कर्जत स्लो, आणि 'एस एफ' लागलं की कर्जत फास्ट. नवखा माणूस 'एस एफ' वाचतो आणि त्याला वाटतं, स्लो का फास्ट हे यांचंच अजून ठरायचं आहे.

रविवारी त्याचं बरोबर असतं. शनिवारच्या पेपरात एका कोपऱ्यात मेगाब्लॉकची चौकट येते. माटुंगा ते मुलुंड, जलद मार्ग. त्या वेळात जलद लोकल धीम्या मार्गावर वळवल्या जातात, मधल्या स्टेशनांवर थांबतात आणि पंधराएक मिनिटं उशिराने पोहोचतात. म्हणजे धीम्या रुळांवरून, धीम्या गाडीच्या मागोमाग, धीम्या गाडीसारखी थांबत जाणारी गाडी; तरी तिला म्हणायचं जलद लोकल. एखादा घरंदाज माणूस वाईट दिवसांतही पगडी उतरवत नाही, तशी ती रविवारीही 'एफ' उतरवत नाही. रविवारची फास्ट मात्र मधल्या स्टेशनांच्या फार आवडीची. नाहीतरी त्यांच्या वाट्याला एरवी नुसता वाराच येतो.

'जलद' हा शब्द पेपरवाल्यांचा आणि प्लॅटफॉर्मवरच्या लाउडस्पीकरमधल्या बाईंचा. त्या दोघांव्यतिरिक्त तो कुणी वापरत नाही. गर्दीत "अरे, जलद आली!" असं ओरडून पाहा, लोक गाडीकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतील. तशी मराठीला घाईच्या शब्दांची वानवा कधीच नव्हती. भरभर, झरझर, पटकन, चटकन, झटपट, तडक, सुसाट, भरधाव, शीघ्र, द्रुत, त्वरित, ताबडतोब. पण आपण प्रत्येकाला एकेक नोकरी लावून दिली आणि ते तिथेच चिकटले. 'शीघ्र' कवीकडे आणि कोपाकडे. 'भरधाव' बातमीतल्या ट्रककडे. भरधाव वाहनाने कुणी कधी वेळेवर घरी पोहोचल्याचं वाचनात नाही, ते फक्त धडक देतं. 'त्वरित' सरकारी पत्राच्या माथ्यावर, आणि त्याच पत्राला टाचलेलं 'स्मरणपत्र क्रमांक तीन' त्याच्या खाली. 'लगेच' नवऱ्यांकडे. 'आत्ता लगेच करतो' याचा अर्थ घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. आणि 'द्रुत' दोनच ठिकाणी, ख्यालात आणि रस्त्यावर. पश्चिम द्रुतगती महामार्ग, पूर्व द्रुतगती महामार्ग. संध्याकाळी सात वाजता अंधेरीच्या पुलावरून या द्रुतगतीकडे एकदा डोळे भरून पाहावं. विलंबित चाललेला असतो, आणि समेवर कुणीच येत नसतं.

या सगळ्यांची कामं बिनबोभाट काढून घेतली ती फास्टने. "फास्ट चल", "फास्ट फास्ट जेव", "नेट फास्ट आहे का?", "जरा फास्ट सांग, गाडी येतेय." मराठीने त्याला घरात घेतलं ते पाहुणा म्हणून नव्हे, विभक्तीची सगळी वस्त्रं चढवली. फास्टने आलो, फास्टला चढलो, फास्टमध्ये उभा होतो, फास्टची वाट पाहिली, फास्टहून उतरलो. विशेषण असलेल्या बिचाऱ्याचं नाम कधी झालं हे त्यालाही कळलं नसेल. फक्त लिंगाच्या बाबतीत तो हटवादी राहिला. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. पण फास्ट मुलगा, फास्ट मुलगी, फास्ट मूल. रूप बदलत नाही.

अर्थ मात्र बदलतो. 'मुलगा फास्ट आहे' म्हणजे गणितात हुशार, मोबाईल उघडून दुरुस्त करतो. 'मूल फास्ट आहे' म्हणजे नवव्या महिन्यातच चालायला लागलं. 'मुलगी फास्ट आहे' हे वाक्य मात्र आमच्या सोसायटीत जिन्याच्या वळणावर, आवाज एक पट्टी खाली आणून, आणि 'जरा'च्या जोडीनेच म्हटलं जातं: "जरा फास्टच आहे हो." त्या मुलीने काय केलेलं असतं? रात्री साडेदहाला ऑफिसच्या गाडीतून उतरलेली असते. पाहिजे तर माझं मत सांगतो: ज्यांनी आयुष्यभर ७.५२ च्या फास्टसाठी जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या एकदम उतरल्या, त्यांनी दुसऱ्याच्या लेकीला फास्ट म्हणू नये.

या शब्दाचं तिसरं बिऱ्हाड कापडाच्या दुकानात. मागच्या चैत्रात बायको आणि तिची आत्या यांच्याबरोबर मी मुलुंड पश्चिमेला एका साडीच्या दुकानात हमाल या पदावर गेलो होतो. गर्द लाल काठपदर पसंत पडला. आत्याने विचारलं, "रंग फास्ट आहे ना?"

"एकदम फास्ट, ताई. गॅरंटी."

आत्यांचा गॅरंटीवर विश्वास नाही. त्यांनी पर्समधून पांढरा रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने त्याचं टोक भिजवलं, पदराची आतली कड तर्जनीवर ताणून धरली आणि रुमाल तिच्यावर दाबून पाच-सहा वेळा फिरवला. मग तो ट्यूबलाइटखाली धरला. टोकाला छान गुलाबी ठिपका.

"शेठ, हे काय?"

"अहो ताई, तो वरचा एक्स्ट्रा कलर. पहिल्या धुण्यात निघून जाईल. मिठाच्या पाण्यात घाला. मग एकदम फास्ट."

"म्हणजे अंधेरीपर्यंत स्लो, मग फास्ट," मी म्हटलं. शेठ मनापासून हसले. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी त्या ठिपक्यावर दोनशे रुपये कमी करून घेतले.

पण शेठ बरोबर होते, आणि आम्ही लोकलवाले उपरे. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट, पक्का, जागचा न हलणारा असाच. धावणं त्याला नंतर चिकटलं. म्हणून न जाणारा रंग फास्ट. म्हणून गाढ झोपलेला माणूसही इंग्रजीत 'फास्ट' असलीप. मुलुंडहून निघालेल्या फास्टमध्ये उभ्या उभ्या, कडी न सोडता, दादर येईपर्यंत फास्ट झोपलेला माणूस मी रोज बघतो. त्या एका माणसात या शब्दाचे सगळे अर्थ सुखाने नांदत असतात. कॉलेजात ज्याला आपण 'फास्ट फ्रेंड' म्हणायचो, तोही याच पक्क्या अर्थाचा. तो पुढे कुठे गेला हे विचारू नये. सगळेच रंग धुण्यात टिकत नाहीत.

उपवासाचा फास्टही त्याच मुळातून निघाला, नियम घट्ट धरणं या अर्थाने. आमच्या मुलुंड-घाटकोपरात तो खरोखर घट्ट धरणारी माणसं आहेत. पर्युषणात शेजारच्या जैन आजी अठ्ठाई करतात. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत, आणि नवव्या दिवशी त्याच आमच्या घरी पारण्याचं बोलावणं करायला जिना चढून येतात. त्यांच्यापुढे आपला एकादशीचा फास्ट काढायचीही सोय नाही. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, चारला वेफर्स, आणि रात्री "आज उपासामुळे जरा जडच झालंय." आमच्या ऑफिसात एक गृहस्थ गुरुवार धरतात. विचारलं की "आज फास्ट आहे" म्हणतात, आणि डबा उघडल्यापासून मिटेपर्यंत त्यांचा जो वेग असतो, तो पाहता ते विशेषण म्हणून बोलतात की नाम म्हणून, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

घड्याळाचं तर विचारूच नका. उपनगरातल्या प्रत्येक घरात एक घड्याळ फास्ट असतं. ते बिघडलेलं नसतं, केलेलं असतं. आमच्या स्वयंपाकघरातलं सात मिनिटं पुढे आहे, हॉलमधलं पाच, आणि बेडरूममधलं बरोबर आहे म्हणून त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही. घरातल्या सगळ्यांना ते फास्ट असल्याचं माहीत असतं, त्यामुळे सगळे मनातल्या मनात सात वजा करतात, वर दोनेक मिनिटं सवलत घेतात, आणि गाडी चुकते. मग कुणीतरी म्हणतं, "अजून पाच मिनिटं पुढे करून ठेवू."

फास्टॅगचं थोडक्यात आटोपतो. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यावर तो राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर सक्तीचा झाला, आम्हीही मुकाट्याने काचेवर चिकटवला. आमच्या दाराशी मुलुंडचा नाका, सासुरवाडीच्या दाराशी दहिसरचा. आणि १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोलच माफ झाला. टॅग काचेवर तसाच आहे. मूळ अर्थाने फास्ट. नखाने खरवडला तरी निघत नाही.

तर असा हा शब्द. धावणाऱ्याचाही आणि जागच्या जागी राहणाऱ्याचाही. आणि हे दोन्ही अर्थ एकाच वेळी पाहायचे असतील, तर संध्याकाळच्या गर्दीत कधीतरी भांडुपच्या अलीकडे पाहावेत. फास्ट थांबलेली असते. स्टेशनात नव्हे, मधेच, सिग्नलला, पुढे कुठलीतरी लांबची एक्स्प्रेस आहे म्हणून. पंखे फिरताहेत, कुणी बोलत नाही, शेजारच्याचं कोपर बरगडीत. सगळे स्वतःच्या मनाशी हिशेब करताहेत की ती मागची स्लो सोडली हे शहाणपण की काय. तेवढ्यात बाजूच्या रुळावरून तीच स्लो येते, निवांत, खिडकीत बसलेल्या माणसांसह, आणि आमच्या डोळ्यांदेखत पुढे जायला लागते. परवा आमच्या दारातल्या पोराला तिच्या दारात त्याचाच मित्र दिसला. दोघं कुर्ल्याला बरोबरच आले होते. आमच्यातला धावत पूल ओलांडून फास्टला चढला होता, दुसऱ्याने कंटाळा केला होता.

"काय रे, उभी का?" स्लोतल्याने ओरडून विचारलं.

"सिग्नल!"

गाडी पुढे सरकत होती. त्याने दारातून बाहेर वाकून, तोंडाशी हात धरून सांगितलं, "तुझ्या घरी निरोप देतो! फास्टने येतोय, उशीर होईल!"